सतरा मैलांचा वळसा

ट्रक ओढ्यात नाकावर उभा होता. हौद्यातली पिकनची, म्हणजे अक्रोडासारख्या फळांची, पोती फुटली होती आणि नुकतीच उतरवलेली फळं कवचासकट पाण्यावर तरंगत होती.

रस्तेदुरुस्तीच्या टोळीनं सात चाळीसला फोन केला. डेप्युटी ट्वायला हिक्स पोचली तेव्हा म्हातारा इरा पिटमन स्टिअरिंगवर मान टाकून होता. पाणी छातीपर्यंत, ओठ निळे.

"बुडून नाही गेला," डॉक्टर म्हणाले. "पाय अडकला, गारठून गेला. पडल्यावर तासभर तरी जिवंत असणार."

टर्की ओढ्याचा लाकडी पूल मोडकळीला आल्यानं दहा दिवसांपासून बंद होता. तोंडाशी लाकडी आडकाठी लावली होती, तिच्या पायांवर वाळूची पोती. आता मधल्या फळ्या मोडल्या होत्या आणि आडकाठी झुडपात पडली होती. पोती जागच्या जागीच होती, पण चाकूनं फाडलेली. वाळू ओघळून ढीग झाला होता.

"त्यानंच काढली असणार," शेरीफ म्हणाला. "पूल अजून दहा वर्षं टिकतो म्हणून गावभर ओरडत होता ना? गेला दाखवायला."

दुसऱ्या दिवशी मतदान होतं. प्रश्न एकच: काउंटीतल्या खरेदीवर डॉलरमागे एक सेंट जास्त कर, सहा वर्षं, आणि त्यातून पहिलं काम टर्की ओढ्याचा नवा पूल. लोकांनी तो कर दोनदा फेटाळला होता. दोन्ही वेळा इरा सगळ्यांच्या पुढे होता.

ट्वायला मात्र दोन्ही वेळा "हो" म्हणाली होती. जुना पूल जड गाड्या पेलत नव्हता, म्हणून तिच्या आईची रुग्णवाहिका सतरा मैलांच्या वळशानं गेली होती. गाडी पोचली. आई पोचली नाही.

आठ वाजता तिनं इराच्या बायकोला, मॉडीला, बातमी सांगितली. सव्वाआठला दारात मिस युला ब्रॅनम उभी. कराच्या बाजूच्या समितीची ही प्रमुख, ट्वायलाची चर्चच्या रविवारच्या शाळेतली बाई. ओढ्याच्या वळणावर एकटीच राहायची. हातात काचेचं भांडं, त्यात चिकनभात, वर खरपूस सोनेरी थर.

"चर्चच्या बायकांचा फोन आला गं. आठला कळलं," युला रडवेली होऊन म्हणाली. भांडं इतकं गरम होतं की मॉडीनं ते पदरासारखं एप्रन गुंडाळून धरलं.

दुपारपर्यंत टेबल भरलं. दुःखाच्या घरी चूल पेटू द्यायची नाही, ही तिथलीही रीत.

मंगळवारी कर मंजूर झाला. चौदा मतांनी. "इरासाठी," असं म्हणत लोकांनी मत दिलं होतं.

गुरुवारी, दफन झाल्यावर, ट्वायला मॉडीला भांडी घासू लागली. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर मालकिणीचं नाव.

"लोक म्हणतात, हट्टापायी मेला," मॉडी भांडं पुसत म्हणाली. "कराला त्याचं 'नाही' त्याच्याबरोबर पुरलं गेलं, पोरी. पण तेवढा डाग पुसून टाक. तो पोती फाडेल कशाला? त्याहून जड पोतं रोज खांद्यावर मारायचा."

"मलाही तेच खुपतंय. ज्याला उचलवत नाही, तोच फाडतो."

मॉडीनं पुढचं भांडं उलटं केलं. "हे युलाचं. कच्चं चिकन, कच्चा तांदूळ, सगळं एकदमच ओव्हनमध्ये. दीड तास लागतो बघ. घाई केली की दाताखाली येतो. हा कसा लोण्यासारखा मऊ होता. दोनदा वाढून घेतला मी."

फेसात ट्वायलाचा हात थांबला.

ते भांडं घेऊन ती वळणावरच्या घरी गेली.

"रिकामंच आणलंस?" युला हसली. "हेच शिकवलं का मी तुला?"

"बसा, मिस युला. इराचं कधी कळलं तुम्हाला?"

"सांगितलं की. आठला."

"आणि सव्वाआठला भात शिजलेला?"

"आधीच करून ठेवला होता."

"कोणासाठी? सोमवारी चर्चचं जेवण नसतं. बारा जणांचा भात एकटी बाई पहाटे उठून लावते कशाला?"

युलानं भांडं स्वतःकडे ओढलं.

"मी सांगते," ट्वायला म्हणाली. "दीड तास, म्हणजे पावणेसातला ओव्हनमध्ये. टोळीला ट्रक दिसला सात चाळीसला. त्याआधी एकाच माणसाला ठाऊक होतं, की मॉडीच्या घरी आज चूल पेटणार नाही. पोती उचलवली नाहीत म्हणून तुम्ही ती फाडली. आडकाठी ढकलली. आणि इराला पडताना पाहिलंत."



"एक चाक फळीत अडकावं, एवढंच हवं होतं मला," युला म्हणाली. "पेपरात एक फोटो आला असता. म्हटलं टोळीची गाडी येईल, हळू येते ती. हा म्हातारा त्या दिवशी बाजार गाठायला अंधारातच निघाला. आडकाठी दिसली नाही, आला सरळ पुलावर. मी पाहिलं तेव्हा हलत नव्हता गं! मला वाटलं, गेला. घरी आले. हाताला काहीतरी काम हवं होतं. तांदूळ पसरला... आणि ओढ्यातून हॉर्न वाजायला लागला."

"फोन तुमच्या हाताशी होता."

"उचलला असता तर विचारलं असतं, तू तिथे काय करत होतीस. मतदान गेलं असतं. तुझ्या आईसाठी केलं, ट्वायला! तिच्यासाठी हवा होता हा पूल."

"तिचं नाव घेऊ नका." ट्वायला उठून उभी राहिली. "हॉर्न कधी थांबला?"

युला रिकाम्या भांड्याकडे बघत म्हणाली,

"भात शिजायच्या आधी."

संध्याकाळी ट्वायला मॉडीच्या पायरीवर बसली. सगळं सांगितलं, हॉर्नसकट. शेरीफनं इराबद्दलचे शब्द मागे घेतल्याचंही सांगितलं.

मॉडी उठली. सिंकपाशी जाऊन तोंड धुतलं, चूळ भरली, पुन्हा भरली.

"मत रद्द होईल का?"

"नाही. पूल होणार."

"होऊ दे," मॉडी म्हणाली. "कर भरीन मी. आणि जाईन सतरा मैलांनी."