पोवळ्याचं चढतं घर

माझं काम उंची मोजायचं. माणसांची नव्हे, जमिनीची. तिपाईवर यंत्र ठेवायचं, पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत टिपायचा. आकड्याच्या बाबतीत ही बाई सख्ख्या बापाचीही भीड ठेवणार नाही, असं ऑफिसात म्हणतात. बापाचं माहीत नाही, पण सख्ख्या बहिणीची ठेवली नव्हती, एवढं खरं.

धाकटी बहीण राहते ते बेट सगळं चुनखडकाचं, आणि तो चुनखडक म्हणजे पोवळ्याच्या किड्यांनी लाखो वर्षं बांधलेली घरं. किडा नखाएवढा. तो अंगाभोवती भिंत बांधतो, अंगाखाली फरशी घालतो, जरा वर सरकतो आणि पुन्हा नवी फरशी घालतो. जुनी खोली खाली बंद होऊन राहते. समुद्राचा तळ खचत जातो तसे हे वर चढत जातात, कारण उजेड सोडायचा नाही हा त्यांचा हट्ट. मग कधीतरी पाणी ओसरलं, वरचा थर उघडा पडला आणि त्याचं बेट झालं.

आता पाणी पुन्हा चढतंय. म्हणून बेटाच्या समितीने नियम केला की घराची जमीन भरतीच्या रेषेच्या दोन मीटर तरी वर हवी, नाहीतर घर रिकामं करायचं. गेल्या वर्षी बहिणीचं घर मीच मोजलं. एक मीटर अठ्ठ्याऐंशी.

"ताई, बारा सेंटीमीटर म्हणजे वीतभरसुद्धा नाही गं," ती म्हणाली होती.

मी एक अठ्ठ्याऐंशीच लिहिलं. समितीने वर्षाची मुदत दिली. त्या वर्षात बहिणीने माझा एकही फोन उचलला नाही.

मुदत संपली आणि शेवटची फेरमोजणी आली. दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणून मी साहेबांच्या हातापाया पडले. साहेब म्हणाले, "आकडा तुमचा, तुम्हीच निस्तरा."

शिव्या खायची तयारी ठेवून गेले, तर बहिणीने दारातच मिठी मारली. घरात बांधाबांध नाही, उलट भिंतींना ताजा रंग. मेहुणा दगड कापतो. हे घर त्याने स्वतः करवतीने पोवळ्याचा दगड कापून उभं केलेलं. तो हसत म्हणाला, "मोजा ताई, मोजा. यंत्र थकेल, घर थकायचं नाही." भाची नऊ वर्षांची, एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. तिने पट्टी धरली.

दोन मीटर चार.

मी डोळे चोळले. उंची आधीच ठरलेल्या दुसऱ्या खूणदगडापासून पुन्हा मोजत आले. दोन मीटर चार. शेजारचं घर मोजलं, ते गेल्या वर्षीच्या आकड्यावर मिलिमीटरभरही हललं नव्हतं.

आकडा ऐकला आणि बहिणीने हातातलं फडकं छताकडे भिरकावलं, मला धरून गरागरा फिरवलं. पन्नाशीच्या बाईला! मला रडू फुटलं. खोटं कशाला बोलू, वर्षभर छातीवर धोंडा होता तो उतरला. मी दाखला तिथेच भरून सही ठोकली. घर राहिलं, बहीण परत मिळाली, आणखी काय हवं होतं मला?

पण खोड जात नाही. घर सोळा सेंटीमीटर चढलं कसं? अंगणात गेले. दाराशी दोन पायऱ्या असायच्या, आता तीन होत्या.

"तिसरी कधी घातलीत, जावईबापू?"

"मी नाही घातली," मेहुणा म्हणाला. "तो किडा काय करतो, तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"अहो, ते किडे मरून लाखभर वर्षं झाली."

"हो, तेही आहेच," तो म्हणाला आणि मान खाली घालून आत गेला.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढं भोक पाडून पाहते म्हटल्यावर त्याने अडवलं नाही. नुसतं विचारलं, "पाडायलाच हवं का?"

चार बोटं पांढरा दगड लागला. मग ड्रिल सटकन खाली गेलं, पुढे काहीच नाही. पाण्याने झिजलेली पोकळी असेल, हातभर फार तर. भोकातून मोजपट्टी सोडली. ती जातच राहिली आणि दोन मीटर पंच्याऐंशीला टेकली.

मी उठून स्वयंपाकघराची उंची मोजली. जमिनीपासून छतापर्यंत दोन मीटर पंच्याऐंशी.

गुडघ्यांवर बसून भोकाला कान लावला. खोकी ओढल्याचा आवाज येत होता. चिकटपट्टी फर्रकन सोडल्याचा. एक लहान मुलगी मुसमुसत होती. आणि मग बाईचा आवाज, दमलेला: "या घरात ताईचं नाव काढायचं नाही. सांगून ठेवते."

माझ्या बहिणीचा आवाज. ती तर माझ्या मागे ताटं मांडत, भिंगरीशी कशावरून तरी खिदळत होती.

मेहुणा चुन्याचं घमेलं घेऊन शेजारी उभा होता. चुना कालवून तयार होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. पण ऐकत बसू नये असं वाटतं," तो म्हणाला आणि भोक बुजवू लागला. मीही हात लावला. खालचा आवाज आधी बारीक झाला, मग बंद.

तिथेच जेवायला बसलो. दार सताड उघडं, भर दुपारचं ऊन घरभर. भिंगरी एक डोळा मिटून, तोंड वाकडं करून माझी नक्कल करत होती: "पट्टी सरळ धरा! श्वास घेऊ नका!" बहीण हसता हसता पाणी सांडून बसली. इतकी मी कित्येक वर्षांत हसले नव्हते.

माझ्या मनगटावर पांढरी भुकटी पडली.

वर पाहिलं. छताच्या त्याच कोपऱ्यात अंगठ्याएवढं गोल भोक होतं. मघाशी उंची मोजली तेव्हा तिथे काही नव्हतं.

मेहुणा गच्चीवर धावला. उतरला तो सावकाश.

"वर कपडे वाळतायत," तो म्हणाला. "भोक नाही."

माझी बोटं भुकटी चिमटीत धरून चोळत होती. ओळखीचा दगड होता.

"भिंगरे, परत कर गं नक्कल," मी म्हटलं.

"मावशी, आत्ताच तर केली."

"परत कर. मोठ्याने."

तिने केली. मी हसले. बहिणीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे, आणि तीही हसली. मेहुणाही. सुरुवातीला ओढूनताणून, मग खरोखर, पोट धरून. वर कुणी कान लावून बसलं असेल तर तिला एवढं तरी ऐकू जावं, असं मला फार फार वाटत होतं.

भोकातून उजेड येत होता.

मग त्यात सावली आली.

ताटाशेजारी ओल्या चुन्याचा एक थेंब पडला.