पालथा पेला

बसा, चहा घ्या, आणि मधे बोलू नका. मग मला कुठवर आले ते आठवत नाही.

समुद्रावरच्या धक्क्यावर, पैसे टाकून खेळायच्या मशीनांच्या खेळघरात मी एकोणीस वर्षं सुट्या नाण्यांच्या खिडकीत बसतेय. आमच्याकडे एक रीत आहे. नाणं टाकलं की आतला ढीग ढकलून नाणी पाडणाऱ्या मशीनवरून उठताना माणूस आपला नाण्यांचा प्लास्टिकचा पेला मशीनच्या फटीपुढे पालथा घालतो. म्हणजे मी परत येतोय, जागा माझी. मग त्या मशीनला कुणी हात लावत नाही. मारामाऱ्या होऊन दात पडलेत हो त्यावरून!

नोव्हेंबरात म्हातारा पर्सी असाच पेला पालथा घालून चहा आणायला गेला आणि बाहेरच्या बाकावरच त्याचा जीव गेला. पेला तसाच राहिला. उचलायचा धीर कुणाला होईना, मलाही नाही.

आता माझा नवरा, डेझमंड. या मशीनांपायी आमची गाडी गेली, लेकीच्या लग्नाचे पैसे गेले. शेवटी मी बॅग भरली तेव्हा गडी रडला, शपथ घेतली. अकरा महिने त्याने एक नाणं टाकलं नव्हतं. अकरा!

मग एका मंगळवारी मी चष्मा घरी विसरले आणि मीच फोन करून त्याला आणायला सांगितला. झडली असती ती जीभ तर बरं.

बाहेर धुकं होतं, आत एकही गिऱ्हाईक नव्हतं. मी मागे किटली लावायला गेले... आणि नाणी पडल्याचा आवाज आला. येऊन बघते तर डेझमंड पर्सीच्या स्टुलावर! पेला सरळ, नाण्यांनी काठोकाठ भरलेला.

"डेस! ऊठ तिथून!"

"थांब गं, म्युरिएल... जागा धरून ठेवायचीय."

"कुणाची?"

"पर्सीची. चहा घेऊन येतोच म्हणाला..."

"पर्सी मेलाय, डेस."

"हळू बोल ना... ऐकेल तो."

व्हिनेगरचा आणि ओल्या लोकरीचा वास आला. पर्सीच्या कोटाला यायचा तोच. मी डेझमंडला दंडाला धरून उठवलं, पेला रिकामा केला आणि त्याला ओढत दाराशी आणलं. तिथे लक्षात आलं, एकोणीस वर्षांच्या सवयीने मी तो पेला पुन्हा पालथा घातला होता. डेझमंड परत येतोय, असं मीच सांगून ठेवलं होतं. मागे फिरून तो उचलायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मशीनची वायर काढून टाकली. कामावर येताना डेझमंडला आत ठेवून घराला बाहेरून कुलूप घालते. लाज वाटते सांगायला, पण घालते.

काल सकाळी खेळघर उघडलं, तर पेला सरळ. स्टुलाला हात लावला, तर ऊबदार. कुणी नुकतंच उठावं तसं. मी घरी फोन लावला.

"घरीच आहे गं," डेझमंड म्हणाला. "कुलूप तूच लावलंस ना? कुठे जाणार मी?"

माझा जीव भांड्यात पडला. मशीन माझ्यासमोर बंद, काळोखं. पण फोनमध्ये, त्याच्या आवाजामागे, नाणी पडत होती... ढिगाने.

"डेस, तो आवाज कसला?"

तिकडून कुणीतरी म्हातारं खोकलं. आणि डेझमंड म्हणाला, माझ्याशी नाही,

"आलास? आण इकडे चहा."