तिसरा ठिपका

सहदेवला मुंबईला जायचं होतं आणि त्याच्या आईला, ठकूबाईला, तो हरवेल अशी भीती होती. भीती उगाच नव्हती. शिवथरच्या खोऱ्यातल्याच एका वाडीचा हैबती गिरणीत कामाला गेला, कुठल्याशा रस्त्यावर मोटारीखाली सापडला आणि कोण कुठला ते कळेना म्हणून परक्यांनीच त्याला जाळलं. घरी बातमी पोचली तेव्हा वर्षश्राद्धाची तिथीही उलटून गेली होती. तेव्हापासून खोऱ्यातल्या आया पोरांना मुंबईला धाडण्याआधी महाडच्या जत्रेत धाडू लागल्या, गोंदवून घ्यायला.

"हातावर नाव असला का मानूस हरवत नाय," ठकूबाई म्हणाली.

सहदेव मोठा हिशेबी गडी. भुताखेतावर त्याचा विश्वास नव्हता, मसणवटीतून एकटा बैल हाकत यायचा. पण काटा रुतला तरी तोंड फिरवणारा. सुईचं नाव काढताच त्याने हात मागे घेतला.

"दुखता का गो आये?"

भाकरी थापता थापता ठकूबाईने पिठाचा हात पुढे केला. डाव्या मनगटावर तीन हिरवे ठिपके होते, एका ओळीत. प्रत्येक बाळंतपणानंतर एक गोंदवलेला. पहिली राही, ती देवीच्या साथीत गेली. दुसरा मुलगा बारशाआधीच गेला. तिसरा सहदेव. पोरं गेली, पण ठिपके होते तिथेच होते. गोंदण जातं ते सरणावरच, असं म्हणतात ते काही खोटं नाही.

"पयल्या दिशी आग व्हते. मंग सुजता, अंगात कणकण येते. मंग खपली धरते. ती काडायची नाय, आपोआप पडू द्यायची. खपली पडली का हिरवा वर येतो. समद्यांचा असाच व्हता."

वीरेश्वराच्या छबिन्याला सहदेव महाडला उतरला. जत्रा म्हणजे जत्रा होती. शेव-रेवड्यांचे ढीग, बांगड्यांची पालं, ढोलांचा दणदणाट, आणि देवळामागे तरटाच्या आडोशाला गोंदणारा बसलेला. त्याच्यापुढे सुईचं यंत्र होतं, गांधीलमाशी डबीत कोंडावी तसं गुरगुरणारं. माणूस उतारवयाचा, चेहऱ्याने गरीब. सहदेवचा हात त्याने मांडीवर घेतला आणि ओल्या फडक्याने पुसला.

"नाव?"

"सहदेव."

"मोठ्यानं सांग. ढोल वाजतायत."

"सहदेव!" तो ओरडला. शेजारचा रेवडीवालासुद्धा वळून बघायला लागला.

गोंदणाऱ्याने मान डोलवली. सुई टेकवण्याआधी त्याने आणखी एकच गोष्ट विचारली. "आय हाय?"

"हाय."

"मंग बरा हाय," तो म्हणाला, आणि यंत्र सुरू केलं.

आग झाली. अगदी आईने सांगितली होती तशी. रात्री हात सुजला, अंगात कणकण आली, मग काळपट खपली धरली. ठकूबाई रोज खोबरेल लावायची आणि म्हणायची, "असाच व्हता." खपलीखाली काय लिहिलंय ते दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी दोघांनाही अक्षराचा गंध नव्हता. खपली पडली, हिरवा रंग वर आला, तसा सहदेव ऐटीत शाळेच्या ओसरीवर गेला आणि गुरुजींपुढे हात धरला.

गुरुजींनी चष्मा लावून वाचलं. मग हसले. "भागोजी."

"काय?"

"भागोजी लिहिलंय, बाबा. जत्रेच्या गोंधळात दुसऱ्या कुणाचं नाव तुझ्या हातावर आलं असेल. त्यात काय एवढं!"

खुलासा पटण्यासारखा होता, आणि सहदेवला तो पटलाही. तरी तो महाडला जाऊन आला. जत्रा उठली होती. तरटाच्या जागी चार खुंट्यांची भोकं तेवढी उरली होती.

वाडीला मात्र आयतीच गंमत मिळाली. पाणवठ्यावर, खळ्यावर, जो भेटेल तो, "काय भागोजी, म्हशी सोडल्या का?" सहदेव आधी हसला, मग चिडला. चिडला तसा चिडवणाऱ्यांना आणखी चेव आला. वाडीत एकदा टोपणनाव पडलं की ते खरं नाव खाऊनच राहतं, हे कुणाला ठाऊक नाही? चैत्र संपेपर्यंत त्याला सहदेव म्हणणारं आईशिवाय कुणी उरलं नाही. आणि त्यात आता कुणी हसतही नव्हतं. साधी हाक मारल्यासारखं म्हणत होते.

भलतं नाव घेऊन मुंबईला जायचं कसं? एकदा तो ओढ्यावर बसला आणि दगडाने ती अक्षरं खरवडून काढली. रक्त आलं. पुन्हा आग, पुन्हा सूज, पुन्हा खपली. खपली पडली तेव्हा अक्षरं आधीपेक्षा हिरवीगार होती.

त्याच दिवशी तो दुपारी नांगराचा फाळ घासत बसला होता. आतून ठकूबाईची हाक आली. "भागोजी, जेवून घे रे."

त्याचे हात थांबले. "आये, काय म्हनलीस?"

"जेवून घे म्हनला. निवतंय."

तिच्या आवाजात थट्टा नव्हती. सहदेवला त्या क्षणी जशी भीती वाटली तशी मसणवटीत कधी वाटली नव्हती. त्याला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून काय सांगायचं? तो आत जाऊन पानावर बसला.

वैशाखात वाडीत एक परकी बाई आली. घाटाची वाट तुडवून, पायभर धूळ घेऊन. आपण साळूबाई, पोलादपूरकडच्या, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या, असं तिने सांगितलं. तिच्या डाव्या मनगटाला हळदीने माखलेली चिंधी बांधलेली होती. ठकूबाईने तिला पाणी दिलं, पाट दिला. साळूबाई सहदेवकडे बघत राहिली. मग उठली, त्याचा हात धरला आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. तिलाही वाचता येत नव्हतं.

"ह्योच," ती म्हणाली. "जाताना मीच सांगितला व्हता, हातावर नाव घालून घे म्हनून. लय वर्सं झाली, बाय. मुंबयला गेला तो गेलाच."

"बरा झाला गो," ठकूबाई म्हणाली. "हातावर नाव व्हता म्हनून गावला."

सहदेव उठून उभा राहिला. "आये, काय बोलतेस? मी सहदेव! तुजा सहदेव!"

ठकूबाईने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, मायेनेच. परक्याच्या आजारी पोराकडे बघावं तसं. "मला आये म्हनू नको, लेकरा. तुजी आय बसलीय ना तिथं. तिला काय वाटंल?"

ती वाटेसाठी भाकऱ्या थापायला बसली. सहदेव धावत शाळेत गेला आणि गुरुजींपुढे हात नाचवत म्हणाला, "गुरुजी, तुमी तरी सांगा. मी कोन?"

गुरुजींनी चष्मा लावला. वाचलं. या वेळी हसले नाहीत.

"हे बघ, लिहिलेलं असतं ते मी वाचतो. नाही लिहिलेलं कसं वाचू, भागोजी?"

तो परत आला. ठकूबाईने भाकऱ्या फडक्यात बांधून त्याच्यापुढे धरल्या.

तेव्हा त्याला तिचं मनगट दिसलं.

दोन ठिपके होते. राहीचा आणि बारशाआधी गेलेल्याचा.

तिसऱ्या जागी नुसती कातडी होती. डाग नाही, वण नाही. तिथे कधी सुई टेकलीच नव्हती.

मेलेल्या दोघांना जागा होती. त्याला नव्हती.

तो भाकऱ्या घेऊन निघाला. दुसरं काय करणार होता? मागे वळून पाहिलं तेव्हा ठकूबाई दार लोटून घेत होती.

साळूबाईचं घर पायथ्याच्या शेवटच्या टेपाडावर होतं. दारातला कुत्रा भुंकला नाही, शेपूट हलवत पायाशी आला. आत पाट मांडलेला, पाणी भरून ठेवलेलं. साळूबाईने भात वाढला, वर कुळदाचं पिठलं, आणि मिरचीचा ठेचा न विचारताच त्याच्या ताटापासून दूर सरकवला. सहदेवला तिखट सोसत नसे, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

"मी सहदेव हाय," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच नीट ऐकू आला नाही.

"जेव," साळूबाई म्हणाली.

वाढताना तिच्या मनगटाची चिंधी सुटून खाली पडली. त्या सुरकुतलेल्या हातावर एकच ठिपका होता. जुना नव्हे. लालबुंद, सुजलेला, वर काळपट खपली धरलेला. खपलीची एक कड सुटू लागली होती.

सहदेव त्या ठिपक्याकडे बघत राहिला. घास हातातच राहिला.

"भिऊ नको," साळूबाई मायेने म्हणाली आणि चिंधी पुन्हा गुंडाळू लागली. "पयल्यांदा असाच व्हता. खपली पडली ना, का तुला बरा वाटंल."