वरून समुद्र दिसतो

"ए सायकलवाली, समुद्र कुठंय?"

तीनचाकी सायकलच्या टपाखाली पाय पसरून तळलेल्या पोळीचा पानुचो खात बसलेल्या सुएमीचा घास हातातच राहिला. समोर एक तरुण उभा होता. केसांत चुन्याची भुकटी, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर भांडायला आल्याचा आव – नुसता आवच, कारण ओठांचे कोपरे हसत होते.

"कुठला समुद्र?"

"सकाळी त्या म्हाताऱ्या जोडप्याला सांगत होतीस ना – वर चढा, वरून निळाशार समुद्र दिसतो! मी आत्ता वर जाऊन आलो. चारी बाजूंना डोळे फाडफाडून बघितलं. जंगल, जंगल आणि जंगल."

"धुकं असेल."

"भर दुपारी?"

"मग तुझे डोळे अधू असतील."

"असतील बुवा. म्हणून तर विचारतोय. तू कुठं उभी राहून बघितलास, ती जागा तरी सांग."

सुएमी गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिच्याशी भांडायचं तर आधी पोटभर जेवून यावं, असं गावात म्हणत. पण या प्रश्नावर तिने हातातला घास घाईने तोंडात कोंबला. कारण खरी गोष्ट अशी होती की याशमूल नावाच्या पायऱ्यांच्या दगडी पिरॅमिडच्या पायथ्याशी रोज प्रवाशांना आणून सोडणारी, वरच्या देवळाची वर्णनं करकरून सांगणारी ही मुलगी आयुष्यात एकदाही वर पोचलेली नव्हती.

तिची सुटका केली पावसाने. या रानातला पाऊस दार वाजवून येत नाही. एक थेंब, दोन थेंब... आणि धो धो! दोघं धावत पायथ्याच्या दगडी कमानीत शिरली. कमान अरुंद. खांद्याला खांदा लागत होता. त्याच्या ओल्या सदऱ्याला चुन्याचा आणि संत्र्याच्या सालीचा वास येत होता, आणि तो वास आपण जरा जास्तच वेळ घेतोय हे सुएमीच्या उशिरा लक्षात आलं.

"मी गास्पार तुस," तो म्हणाला. "ओशकुत्सकाबचा. पायऱ्या दुरुस्त करायला आमची गवंड्यांची टोळी आलीय."

"ओशकुत्सकाब म्हणजे संत्र्यांचं गाव. तिकडची माणसं आंबट असतात म्हणे."

"साल कडू असते. आत गोड."

"सोलून कोण बघणार?"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. तो तिच्याकडे बघत राहिला... आणि ती पावसाकडे.

तेवढ्यात समोरच्या ताडपत्रीखालून फिदेल्मो ओरडला. हाही तिच्यासारखाच तीनचाकीवाल्यांच्या सोसायटीतला, आणि सुएमीचा जन्माचा वैरी. "अहो गवंडी! त्या इग्वानाला वरचं काय विचारताय? ती अर्ध्या वाटेत दगडाला चिकटते! मग सोडवायला सगळं गाव लागतं!"

ताडपत्रीखाली हशा पिकला. सुएमीचे कान तापले. लहानपणी शाळेच्या पोरांबरोबर ती चढायला गेली होती. अर्ध्यात सहज मागे वळून पाहिलं, आणि हातपाय गार पडले. वर जाईना, खाली येईना. शेवटी काकाने तिला मक्याच्या पोत्यासारखी पाठीवर टाकून उतरवली. तेव्हापासून उन्हात दगडाला चिकटून बसणाऱ्या सरड्याचं नाव तिला चिकटलं ते कायमचं.

आता हाही हसणार, असं धरून ती उभी होती. पण गास्पार हसला नाही. "मग समुद्र कशाला दाखवतेस लोकांना?" त्याने हळूच विचारलं.

"मला वाटायचं... एवढ्या उंचावरून दिसत असणारच. न दिसून कसं चालेल?"

आता मात्र तो हसला, आणि का कोण जाणे, सुएमीलाही हसू आलं.

त्या हसण्यातच तिने आपलं दुखणं सांगून टाकलं. तिला वाटाडी व्हायचं होतं. खाली उभं राहून खोटं बोलायचं नाही, तर वर उभं राहून खरं सांगायचं. दगडांवरच्या चित्रांचे अर्थ, पाखरांची नावं, सगळं तिला पाठ होतं. पण गावाचा नियम होता: वाटाड्या होणाऱ्याने साक्याने भरलेली तुंब्याची वाटी दोन्ही हातांत धरून, एकट्याने, याशमूल चढायचं आणि वरच्या देवळाच्या उंबऱ्यावर ती ठेवायची. साका हे मक्याचं पेय, रानाच्या देवांचं. आधी त्यांना द्यायचं, मग रानात पाऊल टाकायचं. पायऱ्यांवर लोंबणारा जाड दोर प्रवाशांसाठी होता; हातात वाटी असली की दोर कसा धरणार? वर्षातून एकदाच, पेरणीआधी, ही संधी मिळे. दर वर्षी सुएमी नाव देई आणि आदल्या दिवशी तापाने आजारी पडे.

"या वर्षी ताप नको," गास्पार म्हणाला. "उद्या संध्याकाळी ये."

टोळीची अवजारं पोचवायचं काम सोसायटीने सुएमीलाच दिलं होतं, त्यामुळे बहाणा शोधावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी प्रवासी गेल्यावर ती सायकल घेऊन आली, तर खालून काही पायऱ्या वर एक संत्रं ठेवलेलं. नारिंगी, टपोरं.

"घे की," गास्पार पायथ्याशी बसून छिन्नी पुसत म्हणाला. "तुझंच आहे."

"मी काय माकड आहे?"

"माकड असतीस तर कधीच वर गेली असतीस."

चिडून ती तरातरा चढली, संत्रं उचललं आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण चढलो. पुढच्या संध्याकाळी संत्रं आणखी वर होतं. त्याच्या पुढच्या संध्याकाळी आणखी.

तो तिला सरळ चढू देत नसे. "पूर्वजांनी या पायऱ्या अरुंद का केल्या? देवाकडे छाती काढून सरळ जायचं नाही म्हणून. पाऊल आडवं दे. तिरकं जा, मग तिरकं परत. नजर पुढच्या दगडावर. खालचं खाली बघेल."

"आणि पडले तर?"

"मी खाली आहे ना."

"झेलशील?"

"प्रयत्न करीन. पण तू पानुचो जरा कमी खा."

तिने वरून सालपट फेकून मारलं. नेम चुकला नाही.

एकदा उतरताना ओल्या शेवाळावरून तिची चप्पल सरकली. त्याने पटकन मनगट धरलं. उरलेल्या पायऱ्या संपल्या, जमीन आली, सायकलही आली – हात सुटला नव्हता. "आता जमीन आहे," सुएमी पुटपुटली. "हो ना," तो म्हणाला. "जमीनही सरकते कधी कधी." त्या संध्याकाळी ती घरी गेली ती गाणं गुणगुणत, आणि आईने भुवया उंचावून पाहिलं.

प्रेमात पडल्याचं माणसाला स्वतःला सगळ्यात शेवटी कळतं म्हणतात. सुएमीला कळलं ते साक्याच्या आदल्या संध्याकाळी. जिथे ती लहानपणी अडकली होती त्या पायरीपर्यंत ती पोचायला लागली होती. त्याच्या वर अजून एकदाही नाही. त्या दिवशी संत्रं कुठेच नव्हतं. गास्पार नखातला चुना कोरत बसला होता.

"काम संपलं," तो म्हणाला. "उद्या दुपारी आमचा ट्रक निघतोय. दक्षिणेला, दूरच्या रानात."

"उद्या? उद्या तर माझं..."

"माहीत आहे. सकाळी तू चढशील, ते बघूनच जाईन."

"आणि मग?"

"मग..." त्याने नखाकडे पाहिलं. ती दगडाकडे बघत राहिली. दोघांच्याही जिभेवर एकच वाक्य होतं, पण आधी कोणी बोलायचं यातच अंधारून आलं. "बरं, जा मग!" असं फणकारून ती निघाली आणि वळणावर तिचे डोळे भरले.

घरी आल्यावर तिने साक्यासाठी मका शिजायला टाकला. मन होतं ट्रकवर. रोजच्या पोळ्यांचा मका चुना घालून शिजवायचा, देवांचा मात्र बिनचुन्याचा. हे इथल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. पण हाताची सवय मोठी वाईट. हात गेला डब्याकडे, चिमूट पडली भांड्यात, आणि सुएमीला पत्ताही लागला नाही.

सकाळी याशमूलच्या पायथ्याशी गाव जमलं. तिबुर्सिओ आजोबा, रानाच्या देवांना हाक मारायचा मान त्यांचा, पुढे झाले. त्यांनी वाटीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि नाक आक्रसलं.

"पोरी, देवांना पोळ्या थापायला बसवतेस का?"

त्यावर जो हशा उसळला! "इग्वानाने देवांनाच चुना लावला!" फिदेल्मो मांड्यांवर थापा मारत होता. सुएमीला वाटलं, याशमूलने पोटात घ्यावं. गर्दीच्या मागे गास्पार उभा होता. तो हसत नव्हता. त्याचा चेहरा तिच्याइतकाच पडला होता.

"सूर्य डोक्यावर यायच्या आत नवा साका आण," आजोबा म्हणाले. "नाहीतर पुढच्या वर्षी."

ताप आल्याचं सांगायला ही फार सोयीची वेळ होती. सुएमीने सायकलवर टांग मारली आणि घराकडे सुटली. चूल पेटली, मका रटरटला, जातं फिरलं. आई शेजारी बसून बघत होती.

"चुना टाकताना कोणाचा विचार करत होतीस?"

"कोणाचा नाही."

"या कोणाचा नाहीचं नाव गास्पार आहे का गं?"

"आई!"

"दळ, दळ. हात थांबवू नकोस."

ती परत पोचली तेव्हा ऊन माथ्यावर यायला आलं होतं. सेइबाच्या झाडाखाली ट्रक घुरघुरत उभा, आणि मुकादम हॉर्नवर हात ठेवून बसलेला. गास्पार एक पाय ट्रकवर, एक जमिनीवर असा उभा होता. आजोबांनी साका चाखला आणि मान डोलावली. सुएमीने वाटी दोन्ही हातांत घेतली. नजर वळली. तो नुसता ओठांनी म्हणाला, "तिरकी."

ती चढू लागली. आडवं पाऊल, तिरकं जाणं, तिरकं परत. वाटीतला पांढरा साका थरथरत होता, सांडत नव्हता. खालचे आवाज हळूहळू दूर गेले. मग ती पायरी आली – तीच.  आणि नेमका त्याच वेळी खाली हॉर्न वाजला, गिअर पडला, चाकांखाली खडी करकरली.

तो चालला.

वळून बघावं तर दगडाला चिकटायची. न बघावं तर तो जाणारच. सुएमीच्या डोळ्यांतून पाणी टपकलं, पण वाटीबाहेर. "खालचं खाली बघेल," ती स्वतःलाच म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या पायरीच्या वर तिने पाऊल ठेवलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. मग पायऱ्याच संपल्या.

वारा! तिच्या अंगातल्या भरतकामाच्या झग्याची, हुइपिलची, झालर फडफडली. तिने वाटी उंबऱ्यावर ठेवली, गुडघे टेकले, आणि देवांनो, उशीर झाला, माफ करा, असं मनापासून म्हणाली. डोकं वर केलं तर उंबऱ्याच्या बाजूला, सावलीत, एक संत्रं होतं. त्यावर पहाटेच्या दंवात कालवलेला चुनकट बोटांचा ठसा वाळला होता.

म्हणजे हा पहाटेच चढून आला होता. आपण पोचणार याची आपल्यालाही नव्हती तेवढी खात्री त्याला होती!

संत्रं मुठीत धरून ती उठली आणि वळली. खाली बघितलं. सगळं, अगदी सरळ खाली. गाव मुंगीएवढं, रान अमाप, आणि पांढऱ्या रस्त्यावर दूर जाऊ लागलेला ट्रक. पाय दगडाला चिकटले नाहीत.

"गास्पाऽऽर!"

याशमूलच्या दगडांनी तिचा आवाज उचलला आणि रानभर फेकला. पोपटांचा थवा उडाला. ट्रक थांबला.

"समुद्र दिसतोय!"

ट्रकवर एक आकृती उभी राहिली. "खोटं बोलतेस!"

"हो! खोटं बोलतेय! तरी ये!" तिने श्वास घेतला. "आणि एक खरं सांगते – तू मला आवडतोस! सगळ्या रानाच्या आधी, सगळ्या समुद्राच्या आधी! ऐकू आलं का?"

ऐकू न येऊन सांगतं कोणाला? सगळ्या गावाने ऐकलं. फिदेल्मोचा आ वासला तो वासलेलाच राहिला. तिबुर्सिओ आजोबांनी पांढरी मान हलवली. "देवांसमोर बोलली. आता शब्द मागे घेता यायचा नाही." आई पदराशी चाळा करत म्हणाली, "त्याच्या आईने पाव आणि चॉकलेट घेऊन रीतीने मागणी घालायला यायचं. तीनदा. पहिल्या फेरीला मी हो म्हणणार नाही." पण तिचा चेहरा आधीच हो म्हणत होता.

गास्पारने ट्रकवरून उडी मारली तेव्हा मुकादमाच्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो धावला, आणि इतरांना तिरकं चढायला शिकवणारा हा शहाणा सरळ, धापा टाकत, दोन-दोन पायऱ्या गाळत वर आला.

"मुकादमाला सांगून आलो," तो दम खात म्हणाला. "उद्याच्या बसने जाईन. आणि रविवारी आईला घेऊन येईन."

"आधी वाटाडीशी नीट बोल. परवानगी विचार."

"वाटाडीबाई... बसू का?"

"बस."

तिने संत्रं सोललं. अर्धं त्याला दिलं, अर्धं स्वतः घेतलं. त्याने पहिली फोड तोंडात टाकत रानावरून नजर फिरवली. "कुठंय समुद्र?"

"आज नाही दिसत. उद्या दाखवते."

"आणि उद्याही नाही दिसला तर?"

"मग परवा. तुला रोज चढावं लागणार."

"किती दिवस?"

"दिसेपर्यंत," सुएमी म्हणाली, आणि तिचं डोकं त्याच्या चुनकट खांद्यावर टेकलं.

खालून फिदेल्मोला अखेर आवाज फुटला. "इग्वाना! चढलीस खरी, पण उतरणार कशी?"

सुएमीने शेवटची फोड सावकाश संपवली, उभी राहिली आणि दोन्ही हात तोंडाशी नेले.

"मला घाई नाही! ज्याला घाई असेल त्याने वर यावं!"