मधल्या मजल्याची क्षमा

दार वाजलं तेव्हा माझ्या विद्यार्थिनी गुडघे बाहेर वळवून अर्ध्या बसलेल्या होत्या. मी दांडक्याने लाकडी ठोकळ्यावर ताल देत होते आणि मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करत होते. दारात एक माणूस उभा होता. लुंगी, बनियन, केसांत पांढरी भुकटी. हातात ताटली होती. ताटलीत दोन इडल्या, आणि तिसरी इडली वाटावी असा गिलाव्याचा एक गोल तुकडा, सांबारात अर्धा बुडालेला.

“मी खालचा,” तो म्हणाला. “हे तुमचं आहे.”

मी ताटली घेतली. कुणी काही दिलं की घ्यायची मला सवय आहे. नृत्याचा वर्गही असाच घेतला होता. माझ्या गुरू अलमेलू टीचरांचे गुडघे गेले, त्यांनी हे दांडकं पुढे केलं, म्हणाल्या “धर”, आणि मी धरलं.

चेन्नईच्या मंदवेळी भागातल्या आमच्या इमारतीत तळाला पार्किंग आहे, पहिल्या मजल्यावर हा, आणि दुसऱ्यावर माझा भरतनाट्यमचा वर्ग. आम्ही काही बेफिकीर लोक नाही, हे मी त्याला दमल्या आवाजात समजावलं. नाचण्याआधी आम्ही रोज भूमीला हात लावून तो डोळ्यांना लावतो. आता तुझ्यावर पाय आपटणार आहोत, क्षमा कर, असं म्हणतो. संपल्यावर पुन्हा तेच.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“भूमी खाली पार्किंगमध्ये आहे, टीचर,” तो म्हणाला. “मध्ये मी आहे.”

मुली खिदळल्या. मी इतकी थकलेली होते की मला राग यायला दुसरा दिवस उजाडावा लागला. दुसऱ्या दिवशी मी मुलींना सांगितलं, आजपासून नमस्कार खालच्या काकांना करायचा. तो टोमणा होता. पण दमलेल्या माणसाचा टोमणा आणि त्याची सूचना एकाच आवाजात येतात, हे मुलांना कळत नाही. सगळ्या रांगेने जिना उतरल्या आणि त्याच्या पायपुसण्यापुढे वाकल्या. त्याने दार उघडलं. उंबऱ्यात आपल्यापुढे मुलींची एक आख्खी ओळ वाकलेली पाहून आपण झोपेत वारलो असं त्याला वाटलं. हे त्याने मला नंतर सांगितलं. तेव्हा मात्र हात वर करून तो एवढंच म्हणाला, “बरं. नाचा.”

तेव्हापासून ती रीतच पडली.

त्याचं नाव कदिरवन. म्हणजे सूर्य. हा सूर्य दिवसा झोपायचा, कारण तो इडलीचं पीठ करणाऱ्या कारखान्यात रात्रपाळीला होता. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला. काम काय, तर पीठ आंबतंय का ते बघत बसणं. जिन्यात गाठ पडली की मी विचारायचे, “काय म्हणतंय पीठ?” तो म्हणायचा, “विचार करतंय.” मग मी वर जायचे आणि तो कामाला. प्रेमाची सुरुवात म्हणावी असं यात काही नव्हतं. फक्त पुढे पुढे मी जिन्यात जरा हळू चढायला लागले. मला वाटलं, गुडघे.

आणि मी खरंच थकले होते. कुणाच्या मृत्यूमुळे नाही की प्रेमभंगामुळे नाही, त्यामुळे कुणाला सांगताही येत नव्हतं. “तै या तै” म्हणून म्हणून माझी जीभ झिजली होती. एक आई मुलीच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमाची, अरंगेट्रमची, तारीख मागत होती. मुलीला अजून डावा-उजवा पाय कळत नव्हता, पण जेवणात पायसम दोन प्रकारचं असेल हे ठरलं होतं. दुसरी आई म्हणाली, “मिस, हिचा आत्मविश्वास वाढेल ना? गणिताचा क्लास सोडून आणलंय.” वाढेल, मी म्हणाले. माझा स्वतःचा कुठे गेला होता ते मला आठवत नव्हतं. आणि वेण्बा नावाची एक मुलगी होती, अकरा वर्षांची. तिच्या आईने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, “ही घराबाहेर बोलत नाही. बघा नाचून काही होतंय का.” वर्ष झालं होतं. ती डावा पाय उशिरा टाकायची आणि बोलत नव्हती.

वर्ग बंद करावा असं रोज वाटायचं. पण अलमेलू टीचरांना काय सांगणार? दमले? त्या सत्तरीपर्यंत दमल्या नव्हत्या.

मग एक दिवस सोसायटीचे सेक्रेटरी वरदन मामा जिन्यात भेटले. कुजबुजत म्हणाले, “कोमला, एक सांगून ठेवतो. खालच्याने तोंडी जरी तक्रार केली ना, तरी वर्ग बंद करावा लागेल. नियम आहे.”

नाव माझं कोमलवल्ली. नाजूक वेल. ही वेल त्या क्षणी आनंदाने शहारली. नियम! कुणाचाच दोष नाही, टीचरांना सांगायला कारण... मी तशीच खाली गेले आणि कदिरवनचं दार वाजवलं.

बाहेर ऐप्पसीचा, ऐन दिवाळीच्या महिन्यातला पाऊस लागला होता. गल्लीत पोटरीभर पाणी, त्यातून एक स्कूटर होडीसारखी ढकलत नेली जात होती. त्याने कॉफी केली. पेला वाटीत ठेवून पुढे केला, आणि मी म्हणाले, “तुमच्याकडे एक काम होतं. माझ्याविरुद्ध तक्रार कराल का?”

त्याने कॉफीचा घोट घेतला. “कशाबद्दल?”

“आवाजाबद्दल. छताबद्दल. इडलीबद्दल. तुम्हाला जे आवडेल ते.”

“पण मला तर सवय झाली आहे.” तो छताकडे बघत म्हणाला. “मी सगळ्यांना पायांवरून ओळखतो. एकीचं नाव मी ठेवलंय उडीद, जड पडते. बिचारी गुटगुटीत असेल.”

“ती आमची सगळ्यात काटकुळी मुलगी आहे.”

“असं?” तो जरा हिरमुसला. “आणि ती दुसरी? टक, टक, टक. कधीच चुकत नाही. वर्गातली सगळ्यात हुशार. तिचा तर मला अभिमान आहे.”

मी पेला खाली ठेवला. “ते माझं दांडकं आहे.”

ज्या मुलीवर त्याने इतके दिवस माया केली होती ती लाकडाची निघाली, हे पचवायला त्याला अर्धी कॉफी लागली. मला किती दिवसांनी हसू आलं होतं... आलं, आणि थांबेचना. तोही हसला. त्याच्या डोळ्यांखाली रात्रपाळीची काळी वर्तुळं होती, तरी हसताना ती छान दिसत होती.

“ती लहानगी मात्र खरी आहे ना?” त्याने जपून विचारलं. “नमस्काराच्या वेळी नुसते ओठ हलवायची ती. परवापासून सगळ्यांत मोठ्याने तीच म्हणते. ‘अंकल, आम्ही तुमच्या डोक्यावर नाचणार आहोत, क्षमा करा.’ मी दचकून उठतो.”

“वेण्बा? वेण्बा म्हणते?”

“तुम्हाला माहीत नाही?”

मला माहीत नव्हतं. मी वर बसून भाजीचा विचार करत होते. वर्षभर मी ज्याची वाट बघितली आणि मग बघायची सोडून दिली, ते माझ्या एका फसलेल्या टोमण्यातून एका पायपुसण्यावर घडलं होतं. मी पदराने डोळे पुसले. मी कॉफीवर ढकललं, गरम आहे म्हणाले. ती केव्हाच थंड झाली होती.

“पीठ असंच करतं,” तो म्हणाला. “आपण बघत असतो तेव्हा काही नाही. जरा डुलकी लागली की भांड्याबाहेर.”

“तक्रारीचं काय करायचं?” मी विचारलं. सोडायचं नाही असं ठरवून आले होते.

तो पेला वाटीत, पेला वाटीबाहेर असं उगाच करत म्हणाला, “करीन. पण एक अट आहे. दर शुक्रवारी सगळ्या गेल्या की एकटीच कुणीतरी नाचायची. तिला मी नाव दिलं नव्हतं. काही सुचलंच नाही. दोन महिने झाले, येत नाही. तिने वर्ग सोडला का? तिला एकदा बोलवा... एकदाच. मग करतो तक्रार.”

मी पदर नीट केला. तो नीटच होता.

“बघते,” मी म्हणाले. “दमली आहे ती.”

शुक्रवारी मुली गेल्यावर मी दार लावलं, घुंगरू काढले, ठेवले, पुन्हा काढून पायांत बांधले. मी नाचणं कधी सोडलं ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ते फक्त एका माणसाच्या लक्षात आलं होतं, आणि तो झोपेत होता. मी वाकले, जमिनीला हात लावला. क्षमा कर, म्हणाले. भूमीला म्हणाले की मधल्याला, ते मला सांगता येणार नाही.

तिल्लाना, कार्यक्रमाच्या शेवटचा तो द्रुत नाच, धरला. गुडघे कुरकुरले. श्वास पहिल्याच फेरीत संपला. मुलींना रोज ज्यावरून बोलते त्या सगळ्या चुका मी एकेक करून केल्या, आणि मध्यावर ताल सुटला. साफ सुटला. ताल द्यायला कुणी नव्हतं, दांडकं कोपऱ्यात पडलेलं. मी उभी राहिले. ठीक आहे, मनात म्हटलं, होऊ दे तक्रार.

तेवढ्यात तळपायाखाली आवाज झाला.

टक. टक. टक.

केरसुणीचा दांडा. खालून, छतावर. नेमका जिथे मी ताल सोडला होता तिथून, अगदी वर्गातल्या त्या हुशार मुलीसारखा. एक ठोका चुकला, मग त्याने तो सावरला. मी पाय उचलला... आणि ठेवला. शेवटपर्यंत तो खालून देत राहिला आणि मी वरून फेडत राहिले. संपलं तेव्हा मी दमले होते. पण हे दमणं वेगळं होतं. याची मला कधीची भूक लागली होती.

घुंगरांसकट खाली गेले. त्याने दार उघडलं. डोक्यावर, खांद्यांवर, पापण्यांवर गिलावा, हातात केरसुणी. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. मग वर पाहिलं. हळूहळू त्याला सगळं समजलं.

“तुम्ही,” तो म्हणाला.

“मी. आता करा तक्रार.”

“करायचीच आहे.” त्याने केरसुणी भिंतीला टेकवली. ती पडली. “दोन महिने शुक्रवारी मला झोप लागत नाही.”

“आवाजाने?”

“आवाज नसतो म्हणून.”

जिन्यात पावसाचा ओला वास होता. नाच संपल्यावरचा नमस्कार राहिला होता, म्हणून मी तो केला. त्याच्या पायपुसण्यापुढे वाकले, हात टेकवला, डोळ्यांना लावला. या वेळी टोमणा नव्हता.

“बरं,” तो म्हणाला. “नाचा... म्हणजे, नाचत राहा. छत पडलं तर मी वर राहायला येईन.”

मी उठून त्याच्या केसांतला गिलावा वेचायला लागले. पुष्कळ होता. मी अजिबात घाई केली नाही.