सुधारणेस वाव

शहागंजातल्या त्या दुकानात निळ्या कार्डशीटचा एकच कागद उरला होता, आणि त्याची दोन टोकं दोन हातांत होती.

"मी आधी धरला," स्वरदा म्हणाली.

"धरला तुम्ही. मागितला मी," पलीकडचा तरुण शांतपणे म्हणाला. "कशाला पायजे?"

"समुद्राला. भारताचा नकाशा करायचाय. तुम्हाला?"

"आकाशाला." तो क्षणभर थांबला... मग त्यानं टोक सोडलं. "घ्या. समुद्राचा रंग बदलता येत नाय. आकाश काय, ढगाळ करू." आणि राखाडी कागद गुंडाळून तो निघूनही गेला.

दुसऱ्या दिवशी छावणीजवळच्या शाळेत बी.एड.च्या सरावपाठांची यादी लागली. स्वरदाच्या नावापुढं जोडीदार म्हणून संघपाल असं नाव होतं, आणि तो संघपाल राखाडी गुंडाळी काखेत मारून दारातच उभा होता.

"ढगाळ आकाश आलं वाटतं," ती म्हणाली.

"समुद्राला भेटायला," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजला.

जोडीतल्या एकानं शिकवायचं, दुसऱ्यानं मागं बसून निरीक्षण वहीत लिहायचं, असा नियम होता. सगळे एकमेकांना 'पाठ उत्तम झाला' लिहून मोकळे होत. संघपालनं मात्र स्वरदाच्या पहिल्याच पाठाखाली, 'सुधारणेस वाव' या रकान्यात लिहिलं : मागच्या बाकावरच्या तीन मुलींना पस्तीस मिनिटांत एकही प्रश्न नाही.

"असं लिहितात का कुणी?" शाळेबाहेरच्या टपरीवर ती फणकारली.

"विचारला व्हता का प्रश्न?"

"नाही. पण..."

"मग चहा घ्या."

त्या तीन मुली जवळच्या बांधकामावरच्या मजुरांच्या. छत्तीसगडहून आलेल्या, मराठी अर्धीमुर्धी येणाऱ्या. रागावूनही स्वरदा रोज त्या टपरीवर थांबू लागली. तो आपल्या गावाकडच्या, कन्नडच्या एसटीची वेळ चुकवू लागला. चहा पुढं करताना तो नेहमी कपाचा कान तिच्या बाजूला फिरवून द्यायचा, हे तिच्या केव्हाच ध्यानात आलं होतं.

परीक्षेचा पाठ चार दिवसांवर आला. बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांच्याच तुकडीतली हिमानी म्हणाली, "त्या तिघींना त्या तासाला झाडांना पाणी घालायला पाठव. इमारत झाली की जाणारच आहेत त्या. आपले गुण कशाला घालवायचे? सगळेच करतात."

स्वरदानं टपरीवर हे सहज सांगितलं. संघपाल हसला.

"माझ्या शाळेतली समदी झाडं मीच जगवली."

"म्हणजे?"

"आई-बाप ऊसतोडीला जायचे. मी अर्धं वरीस शाळेत, अर्धं फडात. साहेब तपासणीला आले, की गुरुजी माझ्या हातात बादली द्यायचे. लई मोठी झालीत झाडं. आता गुरुजी त्याच सावलीत गाडी लावतात."

ती हसायला लागली होती... हसू तिथंच अडलं. तो रागावला नव्हता, त्यामुळं तिला अधिकच लागलं.

"तुमचा पाठ, मॅडम. तुम्हीच ठरवा," म्हणून त्यानं कप ठेवला. पुढचे तीन दिवस तो टपरीवर थांबला नाही. स्वरदाला चहा गोडच लागेना. आपल्याला गुण हवेत, तसं या माणसाचं परत येऊन थांबणंही हवंय, हे तिला एकटीनं चहा पिताना कळलं.

पाठाच्या दिवशी वर्गात शिरताच तिनं त्या तिघींना पुढच्या बाकावर बोलावलं. मुलं धडाधड उत्तरं देत होती. परीक्षक माना डोलावत होते. मग तिनं निळ्या समुद्राचा नकाशा फळ्यावर टांगला.

"सुखमती, तुझं गाव कुठं? दाखव."

तिघींतली मधली पोरगी उभी राहिली. गप्प. मुलं चुळबुळली, परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. स्वरदाच्या जिभेवर दुसऱ्या कुणाचं नाव येत होतं... तिनं ते गिळलं आणि थांबली. बराच वेळ थांबली.

सुखमती फळ्यापाशी आली. बिलासपूरवर बोट ठेवून ते हळूहळू पश्चिमेला सरकवत म्हणाली, "इधर से रेल. ये नागपूर, इथं रात झाली. भुसावळ, इथं रोटी खाल्ली. मनमाडला गाडी बदली. फिर... ये आपुन."

वर्ग पाहतच राहिला. "मॅडम, आम्ही तर खुलताबादच्या पुढं गेलोच नाय," मागून एक जण म्हणाला, आणि मग प्रश्नांची झुंबड उडाली, सगळे सुखमतीला. गृहपाठ देण्याआधीच घंटा झाली. पाठ अपुरा राहिला. गुण जाणार हे स्वरदाला कळलं, आणि फारसं वाईट वाटलं नाही.

वर्ग रिकामा झाल्यावर संघपालनं वही तिच्यापुढं ठेवली. गुणविशेष : प्रश्न विचारून थांबल्या. सुधारणेस वाव : घंटेकडे लक्ष नव्हतं. निरीक्षकाकडेही नसतं.

तिनं लाल पेन घेतलं. खाली लिहिलं : निरीक्षकाकडे निळ्या कागदापासून लक्ष आहे.

त्यानं वाचलं. कानापर्यंत लाल झाला. "ही वही उद्या प्राचार्यांकडं जमा करायचीय, मॅडम."

"मग खोडू?"

"राहू द्या." त्यानं तिच्या हातातलं पेन काढून स्वतःच्या खिशाला लावलं. "मी नवी वही करतो. ही माझ्याकडं राहील."

"रविवारी घरी या चहाला," ती हळूच म्हणाली. "बाबा आडनाव विचारतील, गाव विचारतील... जरा वेळ लागेल त्यांना."

"थांबू की," संघपाल म्हणाला. "आत्ताच तुमच्याकडून शिकलो."

दोघं टपरीकडं निघाले. कन्नडची एसटी त्यांच्या समोरून गेली. त्यानं गाडीकडं मान वर करूनही पाहिलं नाही.