खालच्या बोअरचं पाणी

दिघीच्या त्यांच्या सोसायटीत पाणी टँकरचं यायचं, आणि ते इतकं जड असायचं की मिनलच्या आईने, सुमनताईंनी, त्या पाण्याशी उभा दावाच मांडला होता. किटलीत आतून पांढरा थर धरायचा, तोट्यांना चुन्याची दाढी फुटायची, डाळ शिजता शिजायची नाही. "पाण्यातली एवढी शिकलेली पोरगी, आणि घरात हे असलं पाणी," हे त्या मिनलला सकाळी चहासोबत ऐकवत. मिनल हसून सोडून द्यायची. आठवड्याला एकदा लिंबाच्या फोडीने किटली घासायची. थर काही निघायचा नाही. मग चाकणकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बस रस्ता अडवायच्या आत बाहेर पडायची.

ती चिंचवडच्या एका खासगी प्रयोगशाळेत केमिस्ट होती. महिन्यातून एकदा तिची वारी ठरलेली असायची ती चाकणच्या अलीकडच्या एका कचरा डेपोवर. उतारावरची जागा. खाली मुरूम दाबलेला, त्यावर जाड काळ्या प्लास्टिकचं अस्तर, आणि त्यावर एका नगरपालिकेचा कचऱ्याचा डोंगर. अस्तर फाटलं तर कचऱ्याचा काळा रस जमिनीत उतरणार, म्हणून भोवती बोअर मारून ठेवल्या होत्या. चढाकडची ती वरची बोअर, उताराकडची ती खालची. पाणी उताराने वाहतं. वर चांगलं असलेलं पाणी खाली बिघडलेलं सापडलं, की मधलं अस्तर गळतंय हे शेंबड्या पोरालाही कळावं.

कामाची रीतही साधीच. बोअरचं कुलूप काढायचं, दोरीला बांधलेली लांब नळी आत सोडायची आणि आधी नुसतं उपसत राहायचं. बोअरमध्ये साचून राहिलेलं पाणी खोटं बोलतं, असं या धंद्यातले लोक म्हणतात. ते काढून टाकलं की जमिनीतून ताजं येतं, ते बाटलीत भरायचं. उपसायचं काम समाधानकडे. तो गाडी चालवायचा आणि दोरीही ओढायचा. बीडकडचा माणूस, बोलायला लागला की गप्प बसवावा लागे.

खालच्या बोअरपलीकडे ओढा आणि ओढ्यापलीकडे काजळदरा वस्ती. वस्तीला पाणी एका हापशाचं. डेपो झाल्यापासून लोकांना त्या पाण्याची धास्ती होती. नळ द्या म्हणून त्यांनी नगरपालिकेचे उंबरे झिजवले. शेवटी तिथल्या एका साहेबांनी सांगितलं, बोअरचं पाणी खराब निघू द्या, दुसऱ्या दिवशी नळ. त्यामुळे वस्तीचं सगळं भलं आता वाईट रिपोर्टवर अडकलं होतं. मिनललाही मनातून वाटायचं, एकदाचं सापडू दे काहीतरी.

त्या दिवशी भर उन्हात वरच्या बोअरचं पाणी काढलं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएसचं मीटर काळ्या खडकातल्या पाण्याला शोभेल असा आकडा दाखवत होतं. मग खालच्या बोअरचं पाणी पेल्यात घेतलं आणि मीटर बुडवलं. मीटरने शून्य दाखवलं.

"मेलं जणू मीटर," समाधान म्हणाला.

मिनलने ते पुसलं, सोबतच्या ठरावीक द्रावणात बुडवून तपासलं. मीटर ठणठणीत होतं. पुन्हा बोअरच्या पाण्यात बुडवलं. शून्य. तिने पेला नाकाशी नेला. शंभर पावलांवर कचरा कुजत होता, घारी फिरत होत्या, आणि पेल्यातल्या पाण्याला कसलाच वास नव्हता. एवढ्यातच तिच्या लक्षात आलं, की पेला नाकाशी धरला तेव्हा डेपोचा वाससुद्धा येत नव्हता.

तेवढ्यात ओढा ओलांडून एक म्हातारी आली. केसरबाई. गोरीपान, हातभर हिरवं गोंदण. तिच्या नातसुनेला, दिव्याला, दिवस गेले होते. आधीची दोन पोटातच गेली होती.

"म्याडम, पान्यात काय हाय ते खरं सांगा. म्या पोरीला जारचं इकत पाजतीया. पर कवर पाजू?"

"तपासल्यावर सांगते, आजी. तोवर जारचंच द्या."

"घरला चला. उन्हाच्या आलाया."

वस्तीत लिंबाखाली बाज टाकलेली होती. चार बायका, दोन म्हातारे जमले. केसरबाईने नाव विचारलं, मग जरा थांबून आडनाव. मिनलने सांगितलं, "साळवे." एका म्हाताऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मिनलच्या आजीला तिच्या गावी ओंजळीत वरून पाणी घालत. घरात ही गोष्ट कोणी मुद्दाम काढत नसे, पण ती सगळ्यांना पाठ होती. केसरबाई उठून आत गेली. बाहेर आली ती घासून लखलखीत केलेला घरचा पितळी तांब्या घेऊन, वर गुळाचा खडा. तांब्या तिने मिनलच्या हातात ठेवला, बोटांना बोटं लागली, आणि सगळी वस्ती बघत उभी राहिली.

साइटवरचं पाणी तोंडाला लावायचं नाही, हा मिनलचा पहिला नियम होता. इतक्या वर्षांत तिने तो मोडला नव्हता. पण तो तांब्या परत कसा करायचा? कोणत्या तोंडाने? तिने गूळ तोंडात टाकला आणि घटाघटा पाणी प्यायली.

"कसं लागतंय?"

"छान आहे, आजी," ती म्हणाली. खरंच छान होतं. एवढं थंड, हलकं पाणी ती कधी प्यायली नव्हती. गुळाची चव मात्र एकदम पुसली गेली.

प्रयोगशाळेत मुख्य निरंजन सर होते. तिथे नमुन्यांबरोबर एक कोरी बाटली नेण्याची पद्धत असते. शुद्ध केलेलं पाणी भरून न्यायचं, साइटवर उघडायचं, तसंच परत आणायचं; वाटेत हवेतून, हातांतून काही मिसळलं तर ते या बाटलीत उतरतं. खालच्या बोअरचं पाणी त्या कोऱ्या बाटलीपेक्षाही शुद्ध निघालं.

"बाटल्यांची अदलाबदल केलीस," सर म्हणाले.

ती पुन्हा जाऊन आली. पुन्हा तेच. खडकातून आलेल्या पाण्यात खडकाचं काहीतरी असतंच, आणि हे तर कचऱ्याखालून आलेलं. "सर, असं पाणी जमिनीत असूच शकत नाही. रिपोर्टमध्ये तसं लिहूया."

"काय लिहिणार? पाणी फार चांगलं आहे, अशी तक्रार? सगळं मर्यादेच्या आत आहे. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला!" मग ते हसत म्हणाले, "एक मात्र आहे. असलं पाणी भुकेलं असतं. ज्याला लागेल त्याच्यातलं थोडंथोडं घेत राहतं. म्हणून आपण आपलं शुद्ध पाणी पीत नाही."

रिपोर्ट गेला. वस्तीचा नळ गेला. मिनलला स्वतःचीच लाज वाटली, पण आकडे तर खरे होते.

श्रावणात ती गेली तेव्हा हापशाचा दांडा मधोमध बारीक झालेला दिसला, चोखून चोखून गोळी होते तसा. हापशाखालच्या सिमेंटवर शेवाळाचा ठिपका नव्हता, गंजाचा ओघळ नव्हता. पावसाळ्यात ओल्या जागी शेवाळ नाही! समाधान नेहमी हापशावर तोंड धुवायचा. त्या दिवशी तो गाडीतून उतरलाच नाही.

"मला नगं वाटू लागलंय मॅडम," एवढंच म्हणाला.

केसरबाई हात पुढे करून बसली होती. गोंदणाची तुळस, बिंदल्या, नवऱ्याचं नाव, सगळं फिकं पडून कातडीवर नुसती हिरवट झाक उरली होती.

"म्हातारपन, दुसरं काय! रेशनच्या दुकानात अंगठाबी लागंना. माझाच न्हाई, समद्या वस्तीचा. दुकानदार म्हनतोय, काम करून झिजला आसंल."

"दिव्या जारचं पाणी पिते ना?"

केसरबाई मोकळं हसली. "छ्या! जार तवाच बंद क्येला. तुमी तांब्याभर पिलात न्हवं का आमच्यासमोर? तपासनारी बाई सोता पितीया म्हनल्यावर कशाचं भ्या? आता तर तिला दुसरं पानी गोडच लागंना."

मिनल केसरबाईसमोर उकिडवी बसली. ती म्हणाली, "आजी, ते पाणी बंद करा. आजच."

"का? रिपोट खराब आला?"

"नाही. रिपोर्ट चांगला आहे."

"मंग?"

भुकेलं पाणी म्हणून कोणाला सांगणार? दुसऱ्या दिवशी ती स्वतः जार घेऊन गेली. दिव्या मुकाट्याने एक पेला प्यायली आणि भिंतीआड जाऊन ओकली. "ताई, हे खारट लागतं," ती डोळे पुसत म्हणाली. "तुमच्या जिवाला वाईट वाटेल म्हणून प्यायले." मिनल नगरपालिकेच्या साहेबांकडे गेली. ते आधी गंभीरपणे ऐकत होते, मग हसायला लागले. खालच्या बाजूला आणखी एक बोअर मारणार असल्याचं त्यांनी अभिमानाने सांगितलं. एवढं उत्तम पाणी वाया का घालवायचं? टँकर भरतील, भोवतालची तहान भागेल. सगळं तिच्याच रिपोर्टच्या जोरावर.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेच्या दारातल्या मशीनने तिचा अंगठा घेतला नाही. तिने तो पुसून पुन्हा लावला, मग दुसरा लावला. शेवटी रखवालदाराने आतून दार उघडलं. रसायनांनी होतं असं, असं ती स्वतःला म्हणाली, आणि दिवसभर कोणासमोर हात पुढे केला नाही.

दिवाळीनंतर दिव्या बाळंत झाली. पोरगं जगलं. चांगलं वजनदार, नितळ, रंगाने केसरबाईवर गेलेलं. मिनलने निरोप ऐकला आणि तिला रडूच फुटलं. इतके महिने छातीवर ठेवलेला धोंडा उतरला. आपण उगाच भुतं उभी केली, असं म्हणत तिने झबलं-टोपडं घेतलं आणि पाचवीच्या दुपारी समाधानला गाडी काढायला लावली.

डेपोच्या खालच्या अंगाला टँकरची रांग लागली होती. जाड पाइपातून पाणी पडत होतं, पण पडताना आवाज येत नव्हता.

घरात पूजेची तयारी मांडलेली. पाटा-वरवंटा, हळदकुंकू. रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते, म्हणून एक कोरा कागद आणि पेन. केसरबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. तिच्या हातांवर कधी काळी गोंदण होतं असं कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

तिने मिनलकडे बराच वेळ पाहिलं. "आडनाव काय म्हनला हुतात, बाई?"

मिनलने तोंड उघडलं. नाव लगेच आलं नाही. शोधावं लागलं.

"साळवे," ती म्हणाली.

दिव्याच्या मांडीवर बाळ जागं होतं. रडत नव्हतं. जन्मल्यापासून रडलं नाही, दिव्या म्हणाली. दवाखान्यात नर्सने कागदावर पायाचा ठसा घ्यायला तळव्याला शाई लावली होती. कागदावर नुसता डाग उठला. तिने पुन्हा लावली. पुन्हा डाग.

"शाई पातळ असेल," मिनल म्हणाली.



तिने बाळापुढे बोट धरलं. त्याने मूठ उघडली.

तळहात गुळगुळीत होता. घडी नाही, रेघ नाही. आयुष्याची नाही, कशाचीच नाही.

"सांगा की, तपासनाऱ्या बाई," केसरबाई कोपऱ्यातून म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं. "आज सटवाई यील. तिनं लिवायचं कुटं?"

बाळाने मिनलचं बोट धरलं आणि तोंडात घातलं. हळूहळू चोखू लागलं.

येताना टँकरची रांग मागे पडेपर्यंत समाधानने काच वर चढवून ठेवली. नोकरी सोडून गावाकडे जातो, एवढंच समाधान दिघीच्या चौकात म्हणाला. का, ते मिनलने त्याला विचारलं नाही.

घरी शिरली तेव्हा तिच्या घशाला कोरड पडली होती. सुमनताई आज कमालीच्या खुशीत होत्या. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि बोलत राहिल्या. डाळ कशी लोण्यासारखी शिजली, साबणाला कसा फेस आला. मिनल उभ्यानेच पाणी प्यायली. थंड होतं, हलकं होतं. अजून एक पेला मागून तोही प्यायली.

"एकदाची देवाला दया आली," सुमनताई म्हणाल्या आणि चहाला आधण ठेवायला वळल्या. "गेल्या आठवड्यापासून टँकरवाला बदललाय."

त्यांनी किटलीचं झाकण काढलं. आत पांढऱ्या थराचा मागमूस नव्हता. तळाला किटली इतकी पातळ झाली होती, की खिडकीचा उजेड आरपार दिसत होता.